नदीपलीकडची खोली

एडिसन, न्यू जर्सी
१२ मे १९८५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

उभा असशील तर आधी बस, मग पुढचं वाच. आम्ही येतोय! ऑगस्टमध्ये, केनियाला, आणि तेही थेट तुझ्या लॉजवर. कांचनवहिनीला म्हणावं, नणंद येतेय, आता सुटका नाही.

झालं असं. ह्यांचे, म्हणजे तुझ्या प्रतापरावांचे, बॉस मिस्टर हॉलंड यांच्याकडे ईस्टरनंतर पार्टी होती. त्यांना आफ्रिकेत जाऊन जनावरं बघायची फार हौस. कुठे जावं, कुठे राहावं यावर सगळे बोलत होते. माझ्या पर्समध्ये तू पाठवलेलं लॉजचं रंगीत माहितीपत्रक होतं. ते मी इतक्या वेळा उलगडलंय की घड्यांवर फाटायला आलंय. मी ते काढून मिसेस हॉलंडच्या हातात दिलं. तंबूत पितळी घंगाळं, पलंगावर पांढरी मच्छरदाणी, समोर नदीत पाणघोडे, हे बघून बाई वेड्याच झाल्या. माझा भाऊच तिथे असतो असं मी सांगणार, तेवढ्यात ह्यांनी मला कोट आणायला पाठवलं. परत येते तो विषय बदललेला. पण बाईंनी ते पत्रक ठेवून घेतलं आणि गेल्या आठवड्यात बुकिंग करून मोकळ्या झाल्या. ते दोघं, त्यांचे एक मित्र आणि त्यांची बायको, आणि आम्ही दोघं. मृणालची शाळा तेव्हा बंदच असते, पण तिला शेजारच्या नीलाकडे ठेवायचं म्हणतायत. फक्त मोठ्यांची ट्रिप आहे.

हे मात्र तेव्हापासून गप्पगप्प आहेत. मी म्हटलं, ट्रिप संपल्यावर मी आठ दिवस दादाकडे राहते. तर म्हणाले, तिकिटं ग्रुपची आहेत. म्हटलं, असू देत. तीन दिवस तर तीन दिवस.

दादा, आईला बघून सात वर्षं झाली. नाना गेले तेव्हा सांगलीला आले होते, ते शेवटचं. गेल्या पत्रात तिच्या पायाला सूज आहे असं लिहिलं होतंस, ती उतरली का? खरं खरं लिही. डॉक्टर असल्यासारखं गुळमुळीत लिहू नकोस.

तुझ्या मायेची तहानलेली,
विनू

---

मसाई मारा, केनिया
२ जून १९८५

चि. सौ. विनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र विमानाच्या टपालातून आलं तेव्हा मी दुपारच्या जेवणाची टेबलं लावत होतो. वाचल्यावर एका टेबलावर दोनदा काटे मांडले. पोरं हसली. हॉलचा कॅप्टन, वाढप्यांचा मुख्य, असं करायला लागला तर कसं व्हायचं!

आईला संध्याकाळी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, विनूला सांग, येताना काही आणू नकोस, नुसती ये. कांचनला लगेच रव्याचं विचारायला लागली. इथे रवा नैरोबीहून मागवावा लागतो.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. सूज उतरलेली नाही. हृदय थकलं आहे, असं नैरोबीचे डॉक्टर म्हणतात. आडवं झोपता येत नाही, उशांना टेकून बसते. मामांच्या घरी नैरोबीत राहा म्हणून किती सांगितलं, तर म्हणते, जिथे मुलगा तिथे मी. आमचं बिऱ्हाड नदीच्या पलीकडे आहे, कामगारांच्या चाळीत. लॉजपासून नदी ओलांडून गाडीनेच जावं लागतं, पायी जाण्यासारखी वाट नाही, हत्ती-म्हशींचा रस्ता आहे तो. पण तू आलीस की मॅनेजरसाहेबांकडून जीप मागून घेईन. साहेब चांगले आहेत. ८२ साली नैरोबीतलं आपलं घड्याळांचं दुकान लुटलं गेलं तेव्हा त्यांनीच मला इथे घेतलं.

ऑगस्टमध्ये इथे बघण्यासारखं असतं. टांझानियाकडून वाइल्डबीस्टचे कळप येतात, लाखांनी. दाढीवाल्या काळपट गाईंसारखे दिसतात. नदीकाठी येतात, थबकतात, मागे फिरतात, पुन्हा येतात. मग एकाने उडी घेतली की सगळे. मी तीन वर्षांत दोनदाच नीट पाहिलंय, कारण ती वेळ नेमकी माझी टेबलं मांडायची असते. आता तुझ्याबरोबर बघेन.

प्रतापरावांना स. न. मृणालला शुभाशीर्वाद. माया आहेच, ती वाढत राहो.

तुझा,
दादा

---

एडिसन
२४ जून १९८५

श्री. रा. रा. श्रीरंगराव यांस,
स. न. वि. वि.

विनीताने कळवलंच आहे की आम्ही ऑगस्टमध्ये तिकडे येत आहोत. त्या संदर्भात हे पत्र खाजगी लिहीत आहे. तिला याची कल्पना नाही आणि तूर्त नसावी.

इथल्या नोकरीत माणसाला आपली एक इमेज ठेवावी लागते. आम्ही आलो तेव्हा आम्हाला कोणी विचारत नव्हतं. कोण कुठला, घरचे काय करतात, असे प्रश्न पार्ट्यांत होतात, तेव्हा बोलण्याच्या ओघात तुमचा नैरोबीत मोठा बिझनेस आहे असं मी सांगून बसलो. तेव्हा दुकान होतंच, अगदीच खोटं नव्हतं. पुढे ते सुधारायचं राहून गेलं. मिस्टर हॉलंड यांनी मध्यंतरी विचारलं, तेव्हा तुम्ही सध्या लंडनला असता असं सांगितलं. आणि विनीताने नेमकं तुमच्याच लॉजचं पत्रक त्यांना दिलं. बुकिंग कॅन्सल करा असं मी कोणत्या तोंडाने सांगणार?

ह्या वर्षी माझं प्रमोशन हॉलंडसाहेबांच्या हातात आहे. तुम्ही टेबलावर वाढताना त्यांनी पाहावं आणि नंतर नातं कळावं, यात तुमचाही अपमान आहे असं मला वाटतं. शक्य असल्यास ते तीन दिवस रजा घ्यावी. रजा मिळत नसेल तर ओळख दाखवू नये, एवढीच विनंती. विनीताला मी माझ्या पद्धतीने समजावेन.

गैरसमज नसावा. मातोश्रींस शि. सा. न. सांगावा.

आपला,
प्रताप

---

मसाई मारा
९ जुलै १९८५

श्री. प्रतापराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. ऑगस्टमध्ये लॉज भरलेलं असतं, त्यामुळे रजा मिळणार नाही. मागूनही पाहिली. तेव्हा तुम्ही म्हणता तसं करू. माझ्याकडून काही चुकीचं बोललं जाणार नाही.

अपमानाचं म्हणाल तर मला ह्या कामात तो वाटत नाही, पण तो विषय राहू द्या.

माझी एकच अट आहे. विनू आईला भेटली पाहिजे. तुमच्या निघण्याच्या दिवशी, गुरुवारी दुपारी जेवणानंतर तुमची मंडळी विश्रांती घेतील. तेव्हा मी जीप तंबूच्या मागच्या बाजूला आणवतो. संध्याकाळच्या विमानाआधी तिला परत आणून सोडेन. तुमच्या लोकांना ती झोपली आहे असं सांगा. आईला मी विनू गुरुवारी येणार असंच सांगून ठेवतो, म्हणजे तिचा आधीपासून जीव वरखाली व्हायला नको. तिला आता तेवढंही झेपत नाही.

हे विनूला निघण्यापूर्वी सांगा. इथे येऊन कळलं तर तिला ते जड जाईल.

आपला,
श्रीरंग

---

तंबू क्रमांक नऊ
मंगळवार, १३ ऑगस्ट १९८५

दादा,

नमस्कार कुठल्या शब्दांत लिहू? एका छपराखाली असून पत्र लिहितेय. दुपारची वेळ आहे, हे झोपलेत, बाकीचे आपापल्या तंबूंत. ट्रे परत तुझ्याकडेच येतो ना, असं मी चहा आणणाऱ्या माणसाला विचारून घेतलंय. नॅपकिनखाली हे ठेवते.

मला काही माहीत नव्हतं, दादा. आईची शपथ. काल विमानातून उतरल्यापासून मी तुलाच शोधत होते. जेवायला ढोल वाजला, आम्ही हॉलमध्ये आलो आणि तू समोर उभा. केस किती पिकलेत तुझे! मी पुढे झाले तेवढ्यात तू किंचित वाकून मला मॅडम म्हणालास आणि खुर्ची मागे ओढलीस. मला वाटलं, थट्टा करतोयस, लहानपणी करायचास तशी. मी हसले पण. मग ह्यांनी टेबलाखाली माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. मिसेस हॉलंड विचारत होत्या, सूप कशाचं आहे, आणि तू त्यांना सांगत होतास. तुझा आवाज नानांसारखा झालाय.

तंबूत आल्यावर ह्यांनी सगळं सांगितलं. म्हणाले, श्रीरंगरावांना मान्य आहे, तूच तमाशा करू नकोस. तीन दिवसांचा प्रश्न आहे, आयुष्याचा नाही. मी रडले, भांडले. पण सकाळी पुन्हा त्याच टेबलावर बसले आणि तू विचारलंस तेव्हा ऑम्लेट नको, टोस्ट चालेल असं इंग्रजीत सांगितलं. मी असं कसं सांगू शकले?

आज सकाळी गाडीतून फिरवलं आम्हाला. सिंहिणी बघितल्या, गवतात आडव्या पडलेल्या, तोंडं लाल. त्यांच्याभोवती आठ-दहा गाड्या, सगळ्यांचे कॅमेरे बाहेर. पिल्लं त्या मेलेल्या जनावराच्या पोटात शिरून खात होती. मिसेस हॉलंड हळूच म्हणाल्या, काय सुंदर आहे ना. मग नदीवर नेलं. तू लिहिलं होतंस तसंच, ते थबकले, मागे फिरले आणि मग एकाने उडी घेतली. धूळ, ओरडणं, पाण्यात मगरी. एक वासरू पलीकडे पोचलं आणि त्याची आई अलीकडेच राहिली. ते काठावर उभं राहून हंबरत होतं. ड्रायव्हर म्हणाला, आता ते एकमेकांना सापडायचे नाहीत, कळप पुढे जाईल. सगळे फोटो काढत होते. मी गाडीत खाली बसले. ह्यांनी सांगितलं, तिला ऊन लागलंय.

काल रात्रीच्या जेवणात सगळ्यांना पुडिंग आलं आणि माझ्यापुढे तू छोटी वाटी ठेवलीस. शाकाहारी पाहुण्यांसाठी, म्हणालास. गोडाचा सांजा होता, वर बेदाणे. वहिनीने केला का? मी पहिला घास घेतला आणि मला पुढे काही दिसेना. मिसेस हॉलंडना चव हवी होती. मी दिली नाही. वाटी हातात धरून बसले.

आई कशी आहे? ती कुठल्या बाजूला आहे? माझ्या तंबूतून नदी दिसते, पलीकडे नुसती झाडं.

तुझी,
विनू

---

बुधवार, १४ ऑगस्ट

चि. विनूस आशीर्वाद.

घाईत लिहितो आहे. सकाळच्या चहाबरोबर हे येईल. वाचून झाल्यावर फाडून टाक, म्हणजे प्रतापरावांना त्रास व्हायला नको.

तुला आधी कळवा असं मी त्यांना लिहिलं होतं. त्यांनी सांगितलं नसेल असं वाटलं नव्हतं. नाहीतर तुझ्यासमोर तसा उभा राहिलो नसतो. मला मॅडम म्हणताना काही झालं नाही असं समजू नकोस. पण शब्द दिलेला होता, आणि तुझा संसार आहे.

सांजा आईने केला. तू इथे आहेस हे तिला माहीत नाही. तू गुरुवारी येणार असं सांगितलंय. सोमवारी मी सहज म्हटलं, एक मराठी बाई आल्यात पाहुण्या, अमेरिकेहून. तर उठून बसली. म्हणाली, परक्या देशात बिचारीला काय मिळणार खायला, मी काहीतरी करते. विनूसाठी रवा ठेवलाय त्यातलाच मूठभर घे. कांचन नको नको म्हणत होती. स्टोव्हपुढे स्टुलावर बसून, मध्ये मध्ये थांबून तिने परतला. घरी गेलो तर पहिला प्रश्न, त्या बाईंना आवडला का? मी म्हटलं, हो, त्यांनी कोणाला दिला नाही. फार खूश झाली. म्हणाली, माझी विनू तिकडे असते हे त्यांना सांगायचंस की, ओळख निघाली असती.

उद्या दुपारी जेवणानंतर तंबूच्या मागच्या बाजूला ये. हिरवी जीप असेल, ड्रायव्हरला सगळं ठाऊक आहे. तुझा तंबू जिथे आहे त्याच्या समोरच, त्या झाडांच्या मागे आम्ही राहतो. सरळ बघितलंस तर आमच्याकडेच बघते आहेस.

टेबलावर जेवत जा. ताट तसंच परत येतं, पोरं मला विचारतात.

दादा

---

नैरोबी
१५ ऑगस्ट १९८५

दादा,

हॉटेलमधून लिहितेय. विमान रात्री आहे. काय लिहायचं ते कळत नाही, पण न लिहिता बसवतही नाही.

पहाटेपासून मिसेस हॉलंडना उलट्या होत होत्या हे तुला माहीत आहेच. मिस्टर हॉलंडनी मॅनेजरकडून वायरलेस करून विमान सकाळीच मागवलं. आम्ही आवरत होतो तेव्हा मी ह्यांना म्हटलं, तुम्ही सगळे जा, मी संध्याकाळच्या विमानाने येते. तर म्हणाले, का राहिलीस म्हणून विचारलं तर काय सांगू? म्हटलं, खरं सांगा. ते बॅगेची चेन लावत होते. मान वर न करता म्हणाले, तीन दिवस सांभाळलं ते एका सकाळी घालवणार आहेस का? आणि मग म्हणाले, पुढच्या वर्षी खास आईसाठी येऊ, प्रॉमिस.

दादा, त्यांनी मला बांधून नेलं नाही. मी चालत गेले. आपल्या पायांनी.

तू गाडीपाशी उभा होतास, खाण्याचे डबे देत. सगळ्यांना दिलेस, मला शेवटी. तुझा हात डब्यावरून सुटत नव्हता. मला वाटलं आता तू काहीतरी बोलशील. किंवा मी बोलेन. एवढंच म्हणायचं होतं, मी जात नाही. तीन शब्द. मी थँक यू म्हणाले आणि तू सेफ जर्नी, मॅडम, म्हणालास.

विमान वर गेल्यावर नदी दिसली, आणि झाडांमागे पत्र्याची छपरं. एका दारात कोणीतरी बसलं होतं. उंचावरून नीट दिसलं नाही. ती आई होती का? नव्हती म्हण.

विनू

---

मसाई मारा
२१ सप्टेंबर १९८५

चि. सौ. विनीतास,

तार मिळाली असेल. आई सहा तारखेला सकाळी गेली. नैरोबीला नेत होतो, वाटेतच नारोक गावाच्या अलीकडे. कांचनच्या मांडीवर डोकं होतं. त्रास फार झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. अग्निसंस्कार नैरोबीतच केले. मामा आणि तिथल्या मराठी मंडळातले लोक आले होते.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग तू जन्मभर विचारत राहशील. हो, आईच होती. सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसली होती. कांचनने वेणी घालून दिली होती, नारायणपेठी नेसवली होती. दुपारी जेवली नाही, विनूबरोबर बसेन म्हणाली. मी तीनला पोचलो. मी एकटाच उतरलो तेव्हा तिने माझ्या मागे बघितलं. मी सांगितलं, विनूचं विमान उतरू शकलं नाही, धावपट्टीवर जनावरं होती, परत गेलं. ती म्हणाली, सकाळी एक विमान गेलं बघ डोक्यावरून. मी म्हटलं, तेच.

खोटं बोललो. तिला पटलं की नाही, कळलं नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर तिने तुझं नाव घेतलं नाही, असं मात्र समजू नकोस. कांचनला सांगायची, विनूला गरम भात लागतो, विनूला कांदा चिरताना फार पाणी येतं. जेवण मात्र कमी होत गेलं. डॉक्टर म्हणतात, दुखण्याचाच तो भाग होता. तू भेटली असतीस तरी हेच झालं असतं. मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं तुला कळवतो आहे. मला त्यातलं कळत नाही.

कांचन तुझ्यावर फार रागावली आहे. मी रागावलो आहे की नाही ते मला अजून समजलेलं नाही. मीही त्या सकाळी काही बोललो नाही, हे मी विसरत नाही.

मृणालला आशीर्वाद. प्रकृतीस जप.

श्रीरंग

---

एडिसन
२७ ऑक्टोबर १९८५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज लिहायला बसते. आज संपवायचंच असं ठरवलंय.

गेल्या शनिवारी हॉलंड यांच्याकडे ट्रिपच्या स्लाइड्स बघायला बोलावलं होतं. मी येत नाही म्हटलं. प्रताप म्हणाला, बरं दिसत नाही. मी गेले. आई गेल्याचं त्यांना सांगितलं होतं, म्हणून बाईंनी मला जवळ घेतलं, फुलं दिली. मग दिवे घालवून स्लाइड्स सुरू झाल्या. सिंहिणी, हत्ती, नदी. ते वासरूही होतं. आणि मग एकदम पडद्यावर तू आलास, भिंतीएवढा. हातात पाण्याचा जग, पांढरा कोट. पुढे टेबलावर प्रताप हसतोय आणि मी मान खाली घालून ताटात बघतेय.

मिसेस हॉलंड म्हणाल्या, हा किती चांगला माणूस होता, मी आजारी असताना सारखा विचारपूस करत होता, ह्याचं नाव काय होतं हो? कोणाला आठवेना. मी सांगितलं, श्रीरंग. तो माझा सख्खा भाऊ आहे. आणि जी आई गेली ती तिथेच नदीपलीकडे राहत होती.

प्रताप उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. मला वाटलं, आता हे हसतील, नाहीतर तोंडं फिरवतील. ज्याला घाबरून आपण सगळे गप्प बसलो ते आता होणार. दादा, तसं काहीच झालं नाही. मिसेस हॉलंडनी विचारलं, मग तो तीन दिवस उभा का होता? आमच्याबरोबर जेवायला का नाही बसला? त्यांचे मिस्टर म्हणाले, आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही थांबलो असतो. आणि बाई रडायला लागल्या. म्हणाल्या, माझ्या पोटाचं एवढं काय होतं, मी दुपारपर्यंत सहज कळ काढली असती.

दुपारपर्यंत. मला ते ऐकवेना. त्यांनी आपल्याला हिणवलं असतं तर बरं झालं असतं. निदान कशासाठी तरी केलं असं म्हणता आलं असतं.

गाडीत प्रताप म्हणाला, तू मला संपवलंस. त्याचं काही संपलेलं नाही. सोमवारी तो नेहमीसारखा कामावर गेला, कोणी काही म्हणालं नाही. घरी आम्ही बोलत नाही. मी मृणालच्या खोलीत झोपते. तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि इंग्रजीतच विचारलं, आजी तिथे आहे हे तुला माहीत होतं का? मी हो म्हटलं. ती ताटावरून उठून गेली. अजून माझ्याशी धड बोलत नाही. दहा वर्षांची पोर, तिला काय समजावू?

हॉलंडनी त्या स्लाइडचा मोठा फोटो करून पाठवलाय. त्यांना वाटलं, मला आवडेल. सांगलीनंतरचा आपल्या दोघांचा हा एकच फोटो आहे. एक प्रत तुला पाठवतेय. पाठवू नये असंही वाटतंय.

मी डिसेंबरमध्ये येते, एकटी. तू नको म्हणालास तर येणार नाही. पण नको म्हणू नकोस.

तुझी,
विनू

---

नैरोबी
१८ नोव्हेंबर १९८५

चि. विनूस आशीर्वाद.

पत्ता बदलला आहे, वर बघ. लॉज सोडलं. मॅनेजरसाहेबांनी राहा म्हणून पुष्कळ आग्रह केला, पण त्या हॉलमध्ये आता मला टेबल क्रमांक चारपाशी, तुम्ही बसायचात तिथे, उभं राहवत नाही. इथे मामांच्या ओळखीने एका शाळेच्या भोजनगृहात काम मिळालं आहे. पांढरा कोट इथेही आहे.

फोटो परत पाठवतो आहे. घरात ठेवण्यासारखा नाही. कांचनला दाखवला नाही.

हॉलंडबाईंचं मला पण पत्र आलं. चांगलं लिहिलंय. उत्तर काय द्यावं ते सुचलं नाही, म्हणून दिलं नाही. तुला भेटल्या तर माझा नमस्कार सांग. त्यांची काही चूक नाही.

प्रतापरावांबद्दल मी काही लिहीत नाही. तू तिकडे काय करायचं ते तूच ठरव, माझ्याकडून सल्ला घेऊ नकोस. मी एकदा त्यांचं ऐकलं तेवढं पुरे झालं.

डिसेंबरमध्ये ये. विमानतळावर मी येईन. कांचन तुझ्याशी बोलेल की नाही, सांगता येत नाही, आणि बोल म्हणून मी तिला सांगणार नाही. नदीपलीकडची आमची खोली दुसऱ्या कुटुंबाला दिली. अस्थी मामांनी नाशिकला नेल्या. तिच्या साड्या कांचनने चाळीतल्या बायकांना वाटून टाकल्या. रागाच्या भरात वाटल्या, तुझ्यासाठी एकही ठेवली नाही. मी अडवलं नाही.

तेव्हा आईचं असं तुला दाखवायला माझ्याकडे काहीही नाही. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे इथे आल्यावर शोधणार नाहीस.

तरी ये.

तुझा,
दादा